कोपऱ्याला गोलाई

रात्री सव्वानऊला लेक पडद्यावर थांबली,
तोंड अर्धं उघडं, डावा हात हवेत.
“बाबा, मी ठरवलंय की”
आणि पुढं काही नाही.

कपाटावर डबा, त्यावर शालनचा क्रोशाचा रुमाल.
उचलला तर खाली चार दिवे:
पॉवर हिरवा, जागेवर.
पॉन विझलेला.
वायफाय हिरवा, उगाच,
बंद दुकानावरच्या चालू पाटीसारखा.
आणि लॉस. तांबडा. मिटमिटणारा.

लॉस म्हणजे तोटा, मी शालनला सांगितलं.
बिल भरलं नसेल, ती म्हणाली.
भरलं होतं. पावती दाखवली.

तांबडा रंग मला कुणी शिकवायला नको.
उद्यमनगरात एकोणीस वर्षं भट्टीपुढं उभा होतो,
डोळ्याला निळी काच लावून.
लोकांना वाटतं तांबडं म्हणजे तापलेलं.
आमच्यात तांबडं म्हणजे गार झालेलं.
ते ओतलंत तर साच्यात निम्म्यावर थिजतं,
एक कान नसलेला जॉब बाहेर पडतो,
अर्ध्या वाक्यासारखा.

बटण बंद केलं. साठ आकडे मोजले. चालू केलं.
ॲडॉप्टर दुसऱ्या प्लगला लावला.
डब्याला चापट मारली, रेडिओला मारायचो तशी.
हेल्पलाइननं पंचवीस मिनिटं बासरी ऐकवली.
लेकीच्या मोबाईलवर फोन केला, तर म्हणाली,
उद्या बोलू, समोरासमोर.
असली वाक्यं ती तोंड बघून बोलते.
माझं.

रात्रभर छताला तांबडं लागत होतं, जात होतं.
झाका ते, शालन म्हणाली.
मी झाकलं नाही.

सकाळी फुलेवाडीहून तौफिक मुजावर आला,
पाठीवर सॅक, अंगठ्याला पट्टी.
“तोटा न्हवं काका. लॉस ऑफ सिग्नल, एकच एस हाय.
उजेड येत न्हाई म्हणतोय डबा. खरं बोलतोय बिचारा.”

खांबावर चढला. तिथवर उजेड होता.
मग पेनासारखं काहीतरी काढून वायरच्या टोकाला लावलं
आणि म्हणाला, पडदे ओढा.
आम्ही तिघं अंधारात भिंतीकडं बघत.
वायर दारावरून आली, चौकटीच्या कडेनं पांढरीच राहिली,
आणि कपाटामागच्या खिळ्याशी
तांबडी झाली.
आतला उजेड कातडीतून सांडत होता,
मुठीत बॅटरी धरली की बोटांतून दिसतो तसा.

तो खिळा माझा.
दसऱ्याच्या रंगकामानंतर ठोकलेला.
वायर लोंबते म्हणून काटकोनात वळवली,
दोऱ्यानं आवळली,
चिमटीत दाबून इस्त्रीची घडी केली.

“काच असती आत, केसाएवढी.
वाकवा, पण वाटीएवढं वळण द्या.
उजेडाला कोपरा जमत न्हाई.”

मला सांगतो!
भट्टीनं एक डोळा घेतल्यावर
अकरा वर्षं पॅटर्न शॉपला होतो मी.
प्रत्येक आतल्या कोपऱ्यात मेण भरून बोट फिरवायचो,
नव्या पोरांवर ओरडायचो:
गोलाई द्या रे कोपऱ्याला, नाहीतर तिथंच तडकतं.
सागवानाला दिली.
घरात बोलताना—
जाऊ दे.

त्यानं दोरा कापला.
तांबडा गेला. पॉन थोडा वेळ विचार करत मिटमिटला,
मग हिरव्यावर ठरला.
चहा नको म्हणाला, अजून सहा घरं होती.

रात्री सव्वानऊ.
“काल काय म्हणत होतीस? ठरवलंय की?”
“काही नाही हो. राहू दे.”
तिच्या मागं दाराला कुणाचा तरी निळा शर्ट, मोठ्या मापाचा.
मी तो पाहिला.
मी पाहिला हे तिनं पाहिलं.

एरवी तिथंच वळलो असतो.
शालननं श्वास धरलेला.
मी विचारलं,
“तिकडं थंडी पडली का गं?”

कपाटामागं वायर लोंबत होती,
बेढब,
वाटीएवढी गोल.